मास्तरांच्या जाकिटाची मोटर

चेन वर ओढायला माणसाला कितीशी ताकद लागते? आमच्या शेजारणीची नात अजून धड बोलत नाही, पण स्वेटरची चेन गळ्यापर्यंत नेते, परत खाली आणते आणि दिवसभर तेच करत बसते. त्याच कामासाठी आमच्या चिरंजिवांच्या कंपनीत मोठमोठी शिकलेली माणसं मोटर बसवत होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी विचारलं, "का रे, लोकांचे हात कुठे गेले?" तर म्हणतो, "आई, तुला नाही कळायचं." जिनं उभा जन्म काजं-बटणं करण्यात घातला, तिला चेन कळायची नाही. मग मी त्याला जे काही ऐकवलं ते इथे नको.

आमचं शिलाईचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. माप घेणं, कापणं, मशीन हे मास्तरांचं. काजं, बटणं, चेना, हातशिलाई हे माझं. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. घरात एक आणि दुकानात एक अशी दोन दोन नावं कोण लक्षात ठेवणार.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि मोटरवाल्या कपड्यांचं पेवच फुटलं. एक बाई दुकानात आल्या, अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट, चेहरा रडवेला. कोटाची बॅटरी संपली होती आणि चेन हनुवटीपाशी जाऊन बसली होती. मी म्हटलं, "हातानं ओढा ना." त्या म्हणाल्या, "धरायला काही ठेवलंच नाहीये." खरंच, रनरला धरायची पट्टीच नव्हती. शेवटी कोटाची वायर आमच्या इस्त्रीच्या सॉकेटात लावली आणि बाई कोट चार्ज होईपर्यंत भिंतीला टेकून निमूट उभ्या राहिल्या. तेवढ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना दुकानातला पुतळा समजून कोटाचं कापड चाचपून पाहिलं, वर अस्तर कोणतं आहे तेही विचारलं. फार ओशाळला बिचारा.

दुसरे एक साहेब पिशवीत पँट घेऊन आले. पँटच्या चेनेनं त्यांच्या फोनवर नव्या अटी पाठवल्या होत्या आणि त्या मान्य केल्याशिवाय ती उघडत नव्हती. साहेब शिस्तीचे, न वाचता कशालाही होकार देणारे नव्हेत. "पण अटी लांबलचक आणि घाई मोठी," एवढंच ते म्हणाले. पुढचं मी विचारलं नाही, पिशवी मात्र लांबूनच धरली. आणखी एकांची टोपी तर भर रस्त्यात त्यांना सांगत होती की बाहेर गार आहे. अगं बाई, ते बाहेरच उभे आहेत.

मास्तरांनी मग दारावर पाटी लावली: 'बोलणारे, हलणारे व चार्ज होणारे कपडे येथे दुरुस्त होणार नाहीत.'

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण आमच्या घरात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं की यानं जरा आटोक्यात राहील, जाणार नाही. कात्री सुटली. आता ते खडूनं हळूहळू रेघ मारतात आणि मी कापते. कात्री सुटल्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं, चार दिवस चिडचिड केली, संपलं. बोलले नाहीत ते बटणांबद्दल. सकाळी आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचे आणि साधा शर्ट घालायला इतका वेळ लावायचे की चहा दोनदा गरम करावा लागे. मी दाराबाहेरून विचारायची, "मी लावून देऊ का?" आतून यायचं, "मला काय धाड भरलीय?" एकदा त्यांच्या कॉलरचं बटण लावायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. जोरात नाही, पण सारला. मला ते फार लागलं.

थंडी वाढली तसं त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. घरात डोक्यातून घालायचा स्वेटर चालतो, बाहेर जाकीट लागतं आणि जाकिटाला चेन असते. लोकांना सांगायचं की गुडघा दुखतो. लोकांना पटलंही. मला कसं पटेल? तोच गुडघा घरात दिवसभर मशीनच्या पायट्यावर चालत होता.

मास्तरांचे सर्वांत जुने मित्र म्हणजे कोटवाले भाऊजी. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, तेव्हापासूनची मैत्री आणि तेव्हापासूनची भांडणं. भाऊजी फक्त कोट शिवतात, बाकी कपड्यांना ते कपडे मानत नाहीत. दर रविवारी जुनी टेलरमंडळी त्यांच्या दुकानात चहाला जमायची आणि नसलेल्या माणसाच्या शिलाईला नावं ठेवायची. तिथेही मास्तर जाईनासे झाले होते. आणि एक दिवस भाऊजींचाच फोन आला. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला निघाले होते, पार लांबच्या गावी. या रविवारी शेवटची बैठक. "मास्तर, येतोस ना?" मास्तर म्हणाले, "गुडघा रे..." आणि फोन ठेवून त्याच्याकडेच बघत बसले.

मी म्हटलं, "नाही गेलात तर परत कधी भेट होणार आहे?"

ते भिंतीकडे तोंड करून दोऱ्याची रिळं लावायला लागले, जी आधीच लावलेली होती. मला रडू आलं आणि रागही आला. मला दोन्ही एकदमच येतात.

शेवटी मी माझे शब्द गिळले आणि चिरंजिवांना फोन केला. म्हटलं, "तुमचं ते मोटरवालं जाकीट एक घेऊन ये, बाबांच्या मापाचं." तो हसला. मी म्हटलं, "हस बाबा, पोटभर हस, पण घेऊन ये."

जाकीट आलं. निळं, दिसायला बरं. डाव्या बाहीच्या टोकाशी आतून दाबलं की घुर्रर्र आवाज होऊन रनर आपोआप गळ्यापर्यंत जायचा आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणायची, "जाकीट बंद होत आहे."

"हिला कुणी विचारलं?" मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "या घरात तुम्हाला सूचना द्यायला एक बाई आहे, तेवढी पुरे. हिचं तोंड बंद कर रे."

"आई, आवाज सुरक्षेसाठी आहे. तो बंद होत नाही."

"चेन लावायला मोटर," मास्तर म्हणाले. "उद्या शिंकायला पंप बसवाल." आणि जाकीट खुंटीला अडकवून टाकलं. चिरंजीव पडलेल्या चेहऱ्यानं परत गेले. माझाही जीव खट्टू झाला.

दुपारी मी भांडी घासत होते, तर आतल्या खोलीतून घुर्रर्र. "जाकीट बंद होत आहे." मग घुर्रर्र. "जाकीट उघडत आहे." परत बंद, परत उघड. मी ओल्या हातांनीच दारापाशी जाऊन उभी राहिले. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ती परकी बाई दर खेपेला तितक्याच गोडीनं सांगत होती आणि मी बाहेर तोंडावर पदर धरून उभी होते, हसू बाहेर पडू नये म्हणून.

कडी निघाली. मास्तर गळ्यापर्यंत बंद जाकीट घालून बाहेर आले. कुणाची मदत नाही, काही नाही. मला पाहून जरा दचकले, मग म्हणाले, "रविवारी जाऊन यावं म्हणतो."

"गुडघा?"

"बरा आहे."

मग ते आरशासमोर गेले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ही बाही बघ."

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमच्याकडे तयार कपडा उसवल्याशिवाय अंगावर चढत नाही. चिरंजिवांचा शाळेचा गणवेश असो, सूनबाईंचा परदेशातून आलेला कोट असो की माझा रेनकोट, आधी तो टेबलावर उताणा पडतो, त्याची शिवण उसवते, दोष काढले जातात, मग माणसाचं कौतुक. आणि आता तर मास्तर टेलरमंडळींत जायचे होते. "हात मिळवायच्या आधी बाही बघतील ते," मास्तर म्हणाले. "ही तर पार अंगठ्यावर येतेय. आत घे."

शनिवारी मी बाही उसवली. आत अस्तराला चिकटून एक चपटी पट्टी होती, रिबिनीसारखी, बाहीच्या टोकापासून पार वर खांद्याकडे गेलेली. मी विचारलं, "ही हो काय?" मास्तरांनी चिमटीत धरून पाहिली. "कडकपणा यावा म्हणून घातली असेल. हल्ली कॅनव्हास कोण घालतं? बाही लहान तर हीही लहान." झालं. मी पट्टी कापली, मधला तुकडा काढून टाकला आणि दोन्ही टोकं काजाच्या दोऱ्यानं जोडली. आत्मस्तुती नको, पण टाका शोधून सापडला नसता. मास्तरांनी भिंगातून पाहून मान डोलावली, आणि ते अशी मान सहजी डोलावत नाहीत. मग घालून पाहिलं. चेन जरा अडखळली, पण गेली वर. "नवीन आहे, सवय होईल तिला," मास्तर म्हणाले.

रविवारी आम्ही निघालो. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालत होते. ते कॉलर ताठ करून चालले होते आणि ओळखीचं कुणी भेटलं की उगाचच थांबत होते.

भाऊजींचं दुकान रिकामं झालेलं होतं. फळ्या मोकळ्या, उंच आरसा भिंतीवरून उतरवलेला, आणि कापायच्या लांब टेबलावर चहाचे कप न् बिस्किटं. जुनी मंडळी खुर्च्या ओढून बसली होती. मास्तर आत शिरले तशा सगळ्यांच्या नजरा सरळ बाहीवर.

"शिवलंय का विकत?" एकानं विचारलं.

"विकत. बाही आमची."

"तरीच," तो म्हणाला. मास्तरांची छाती फुगली.

एवढ्यात आतून कोटवाले भाऊजी आले, गळ्यात लेकीनं विणलेला मफलर. मास्तरांना पाहून जागच्या जागी थांबले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले. मास्तरांनीही पसरले. बाही ताणली गेली आणि घुर्रर्र. "जाकीट उघडत आहे." दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. घुर्रर्र. "जाकीट बंद होत आहे." आणि चेनेनं भाऊजींचा मफलर दातांत धरून वर न्यायला सुरुवात केली.

मफलर भाऊजींच्या गळ्याला दोन वेढे घालून बसलेला. त्याचं टोक जसजसं वर गेलं तसतसे भाऊजी मास्तरांच्या जवळ जवळ येत गेले, आणि शेवटी नाकाला नाक लागेल अशा बेतानं दोघे थांबले. मोटर कण्हली. मग ती बाई म्हणाली, "अडथळा आढळला आहे. कृपया हातांचा वापर करा."

मी म्हटलं, "आता सुचलं का हिला."

मी चिरंजिवांना फोन लावला. तो म्हणाला, "आई, घाबरू नकोस, बाहीवरचं बटण दाबून धर." धरलं. चेन तसूभर खाली आली आणि दुप्पट वर गेली. भाऊजींच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "असं होणारच नाही," चिरंजीव म्हणाले. "आई, बाहीत काही केलंत का तुम्ही?"

"काही नाही. जराशी आत घेतली."

तो अगदी हळू म्हणाला, "आत एक पट्टी होती."

"आहे की. कापून जोडली मी. काजाच्या दोऱ्यानं."

"दोऱ्यानं," तो म्हणाला. "आई, त्यातून करंट जातो." मग म्हणाला की बॅटरी काढ आणि फोन ठेव. बॅटरी काढल्यावर ती बाई एकदाची गप्प झाली, पण चेन जिथे होती तिथेच घट्ट.

आता मंडळींच्या खिशाखिशांत कात्र्या होत्या आणि कापायला एकही माणूस तयार नव्हता. एक म्हणाला मफलर काप, दुसरा म्हणाला इतकी चांगली लोकर कापतात का. तिसऱ्यानं जाकिटाला कात्री लावायची म्हटलं तर चौथा त्याच्या अंगावर धावून गेला: "शिवण असताना कापतोस? उस्तादानं हेच शिकवलं?" मग उसवायचं ठरलं, पण वरून की खालून यावर पुन्हा जुंपली. मी मात्र त्या दोघांपाशीच उभी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"इतके दिवस का आला नाहीस?" भाऊजींनी विचारलं.

"गुडघा..."

"गुडघ्याचं मला सांगू नकोस. आत्ता चालतच आलास ना."

एरवी मास्तरांनी मान फिरवली असती, विषय बदलला असता, चहा मागितला असता. पण मान फिरवायला जागाच नव्हती. भाऊजींचे डोळे समोर चार बोटांवर.

"हात थरथरतो," मास्तर म्हणाले. "चेन लागत नाही. बटण लागत नाही. सगळ्या गावाला कपडे चढवले आणि मला माझे चढवता येत नाहीत. अर्ध्या उघड्या जाकिटानं तुमच्यात येऊन बसू?"

"वहिनी नाहीत का लावायला?"

"तेही तिच्याकडून करून घ्यायचं," मास्तर म्हणाले, "तर मग माझं उरलं काय?"

भांडण थांबलं होतं. सगळे ऐकत होते. मी खाली बघत होते, कारण वर बघितलं असतं तर मला आवरलं नसतं.

भाऊजी म्हणाले, "मी दुकान का बंद करतोय, ठाऊक आहे? लेक बोलावते म्हणून सांगितलं सगळ्यांना. मला जवळचं दिसत नाही रे आता. मध्ये एका गिऱ्हाइकाला कोट दिला, दोन्ही बाह्या डाव्या."

"दोन्ही डाव्या?"

"दोन्ही. घालूनही गेला तो. वर म्हणाला, फिटिंग छान आहे."

मास्तरांना हसू आलं. आधी त्यांनी ते दाबलं, पण छातीला छाती लागलेली, एकाचं हसू दुसऱ्याला कळायला वेळ लागतो होय? भाऊजी हसायला लागले, मग मास्तर मोठ्यानं हसायला लागले, आणि दोघं मफलराला लटकून इतके हलायला लागले की एकानं दोघांच्या मागे खुर्च्या लावून ठेवल्या, पडले तर असावं म्हणून.

शेवटी मीच बारीक कात्री घेतली आणि चेनेची पट्टी जाकिटापासून टाका टाका करून उसवली. दोघे सुटले. चेन, मोटर आणि मफलर असा एकत्र गुंता टेबलावर बिस्किटांशेजारी ठेवला. मास्तरांचं जाकीट पुढून सताड उघडं, आणि बाहेर वारा सुटलेला.

"बटणं लावू," भाऊजी म्हणाले. दुकानाच्या खणात कोटांची उरलेली जाड बटणं होती, ती त्यांनी काढली. मग काय विचारता. अंतर किती ठेवायचं यावर एक फेरी, बटण उभं शिवायचं की फुलीचं यावर दुसरी. काजं मी केली, त्यावर कुणी बोलायची हिंमत केली नाही. बटणं मंडळींनी वाटून घेतली. वरचं बटण भाऊजींनी मागून घेतलं. सुई हातात घेतली, दोरा घेतला, क्षणभर थांबले, आणि सगळ्यांसमोर सुई माझ्यापुढे धरली. "वहिनी, ओवून द्या हो." मी ओवून दिली. त्यांनी बोटांनी चाचपत बटण शिवलं. चांगलं घट्ट शिवलं.

मास्तर खुर्चीत बसून हे बघत होते. जाकीट तयार झालं तसं ते उठले. जाकीट चढवलं. कुणीतरी त्यांच्या पाठीमागे आडोसा धरल्यासारखं उभं राहिलं, त्याला म्हणाले, "सरक रे, काही लपवायचं नाहीये." मग माझ्यासमोर आले, हनुवटी वर केली, हात अंगापासून जरा लांब धरले, अगदी मापाला उभं राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे, आणि म्हणाले, "लाव."

किती दिवस मी या एका शब्दाची वाट बघत होते, आणि आता माझीच बोटं धड चालेनात. पहिलं बटण काजापाशी जायचं आणि परत यायचं. सगळे बघत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी कसंबसं वरचं बटण काजात घातलं.

"खालून सुरू कर," मास्तर म्हणाले. "वरून लावलं की खाली झोल पडतो. इतकी वर्षं झाली, अजून सांगावं लागतं?"

"सांगत जा," मी म्हटलं. वरचं बटण काढलं आणि खालून सुरू केलं, मुद्दामच सावकाश.